साग, तयार माल, तारा चार

२६ जानेवारी १९८७ रोजी सकाळी दहा वाजता, आलापल्लीच्या अलीकडच्या एका वननाक्यावर माझी बेस गिटार जप्त झाली. जप्तीनाम्याची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात रकाने आहेत. ते वनपालाने भरले. त्यांत जे मावलं नाही ते मी भरते.

*रकाना १. माल कोठून कोठे*

भद्रावती ते एटापल्ली.

वनपालाने एवढंच लिहिलं. मी जोडते: पहाटे पाचला निघालो. भाड्याच्या मेटॅडोरमध्ये आठ माणसं, दोन स्पीकर, एक अँप्लिफायर, ड्रमसेट, ढोलकी, अकॉर्डियन, आणि दोन बेस गिटारी. बल्लारपूरला चहा. गोंडपिपरीला पंक्चर. आष्टीला नदी ओलांडली तेव्हा ऊन चढलं होतं, आणि पुढे दोन्ही बाजूंना साग.

दोन बेस गिटारी का, ते सांगायला हवं.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब दांडीची गिटार. गाणं चालू असताना ती कोणाला ऐकू येत नाही. ती बंद पडली की मात्र सगळे वर बघतात, काहीतरी बिघडलं म्हणून. आमच्या पौर्णिमा ऑर्केस्ट्राकडे एक होती, कलकत्त्याची, लाल रंगाची. ऑर्केस्ट्रा गुणवंतरावांचा. ते स्वतः अकॉर्डियन वाजवायचे आणि वाजवता वाजवता भुवयांनी हुकूम सोडायचे: तू थांब, तू ये, तू हळू. त्यांचा एक नियम होता. ज्याचं वाद्य त्याची खुर्ची. ढोलकीवाल्याची ढोलकी स्वतःची, म्हणून त्याला कोणी हलवू शकत नव्हतं.

मी माजरीला खाणीच्या लॅम्परूममध्ये कामाला. खाली उतरणाऱ्यांना टोपीचे दिवे द्यायचे, वर आले की परत घ्यायचे, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. ऑर्केस्ट्राच्या जुन्या बेसवाल्याची उमरेडला बदली झाली आणि चार तारांचं ते जड लाकूड कोणालाच नको होतं, तेव्हा ते मी उचललं. चार वर्षं लाल गिटार मी वाजवली. चौदा एप्रिलला, शारदोत्सवात, लग्नांत. मग एक दिवस वरोऱ्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर बसस्टँडवर वाचलं. बेसपुढे नाव पत्रूचं होतं. पत्रू म्हणजे गुणवंतरावांचा साळा.

"भाऊ, हे काय होय?"

"गिटार ऑर्केस्ट्राची हाय ना, सत्यशीला. आज तू, उद्या तो. त्यात एवढं काय?"

"काई नाई," मी म्हटलं, आणि माझी स्वतःची बनवायला टाकली.

एटापल्लीला ती पहिल्यांदा स्टेजवर चढणार होती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठेवला होता, दुपारी चारला, कारण संध्याकाळनंतर तिथली वीज कोणाचं ऐकत नाही. माझी गिटार वेळेत पोचली तर बेसची खुर्ची माझी, कायमची. नाही पोचली तर लाल गिटार आणि पत्रू तयार होते. दोघे मेटॅडोरमध्ये माझ्या समोरच्या बाकावर बसले होते. पत्रू झोपला होता.

*रकाना २. मालाचा प्रकार*

या रकान्यात खोडाखोड आहे. आधी लिहिलंय, "साग, फळी, नग एक". ते खोडून वर लिहिलंय, "साग, तयार माल, तारा चार". या खोडाखोडीला अर्धा तास लागला.

नाक्याचा बांबू खाली होता. वनपालाचं नाव वामनराव. झेंडावंदन करून आलेले, इस्त्रीचा गणवेश, खिशाला छोटा कागदी तिरंगा. त्यांनी मेटॅडोरच्या मागच्या दारातून आत पाहिलं. स्पीकर पाहिले, ड्रम पाहिले, लाल गिटार पाहिली. मग माझ्या मांडीवरची वाकळ पाहिली.

"वाकळीत काय हाय?"

"गिटार."

"उघडा."

उघडली. बाकी सगळ्या वाद्यांना रंग होता. माझ्या गिटारीला नव्हता. मी रंग लावू दिला नव्हता, नुसतं तेल पाजलं होतं, त्यामुळे सागाच्या रेषा पाण्यासारख्या दिसत होत्या. वामनरावांनी अंगठ्याने एक रेष चोळली. हाताचा वास घेतला.

"साग."

"हो साहेब."

"लालसू, बुक आण."

लालसू तिथला वनरक्षक. इथला माडिया आदिवासी, माझ्याच वयाचा, शांत. बुक म्हणजे जप्तीनाम्याचं पुस्तक. वामनरावांनी पेन काढलं आणि लिहायला घेतलं. मी खाली उतरले.

"साहेब, फळी काऊन लिहून राह्यले? वाद्य होय हे."

"वाद्य होय तं वाजवा."

मी वाजवली. सगळ्यात जाड तार, जोरात. त्याच वेळी पलीकडून बांबूचा ट्रक गुरगुरत होता. इलेक्ट्रिक गिटार विजेशिवाय किती वाजते? डास जेवढा गातो त्याहून थोडी जास्त.

वामनरावांनी कानामागे हात धरला. "आवाज कुठाय?"

"आवाज त्या पेटीत हाय. मेटॅडोरमधल्या."

"मंग ते वाद्य झालं. हे लाकूडच राह्यलं."

मेटॅडोरमधून हसण्याचा आवाज आला. ढोलकीवाला.

"पेटी लावा मंग," वामनराव म्हणाले. "मी नाई म्हणतो का?"

"लावतो. प्लग कुठी हाय?"

नाक्यावर वीज नव्हती. कंदील होता.

"बाई," वामनराव म्हणाले, आणि ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच नवल वाटत होतं, "माझी नोकरी बावीस वर्षं झाली. लाकूड जंगलातून बाहेर जातं. आत जाताना मी आज पह्यल्यांदा पाहून राह्यलो."

"मंग चांगलंच हाय ना साहेब. वापस घेऊन आली."

या वेळी लालसू हसला. वामनराव नाही हसले.

मी नाक्याच्या खोलीत शिरले. भिंतीला एक लाकडी कपाट होतं, माझ्यापेक्षा उंच, पातळ फळ्यांचं, आत फायली. मी गिटारीचं डोकं, म्हणजे खुंट्या असतात ते टोक, कपाटाच्या दाराला घट्ट टेकवलं आणि तीच जाड तार पुन्हा ओढली.

कपाट बोललं.

हे मी घरी शोधलं होतं. अँप्लिफायर ऑर्केस्ट्राचा, तो घरी मिळायचा नाही, म्हणून चार वर्षं रियाज दाराला गिटार टेकवून केला. दार पातळ असलं पाहिजे आणि त्याच्यामागे पोकळ जागा. सरकारी कपाटं या कामाला उत्तम. मी एक चाल वाजवली, चालत वर जाणारी आणि उडी मारून खाली येणारी. टेबलावरच्या टाचण्या डबीत थरथरल्या. लालसूने पूर्ण पंजा दारावर ठेवला आणि ठेवूनच राहिला.

"साहेब, हा ढोल हाय," तो म्हणाला. "तारेचा ढोल. हात ठेवून पाहा."

वामनरावांनी हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. मग टेबलाशी गेले आणि 'फळी' खोडली.

"वाद्य हाय, मान्य," ते म्हणाले. "पण सागाचं हाय. निशाणी दाखवा."

*रकाना ३. माप*

लांबी एक मीटर सोळा सेंटिमीटर. लालसूने टेप धरला. रुंदीपाशी तो अडकला, कारण गिटारीला कंबर असते.

"कुठून मोजू?"

"जिथी जाड हाय तिथून," वामनराव म्हणाले. माझं नुकसान व्हावं म्हणून नव्हे. नियम तसा असतो.

*रकाना ४. निशाणी*

नाही.

आता ही चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही, आणि मी ती पूर्ण सांगणार आहे.

गिटार बनवण्याआधी मी नागपूरला गेले होते, सीताबर्डीच्या एका दुकानात. तिथे एक जपानी बेस होती. हलकी, गुळगुळीत, बोट ठेवलं की आपोआप गाणारी. ती मला परवडणारी नव्हती हे खरं, पण ते दुसरं कारण. पहिलं कारण असं की ती कोणाच्याही हातात तशीच वाजली असती. पत्रूच्यासुद्धा. मला अशी हवी होती जी सांभाळायला मीच लागेन. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात एक मोडकी गिटार पडली होती. तिच्या खुंट्या, घोडी आणि पिकअप मी घेतले. घोडी म्हणजे अंगावरचा तो तुकडा, ज्याच्यावर तारा टेकतात. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक, तारेची थरथर पकडून पेटीला देणारं. लाल गिटारीच्या दांडीवर कागदाची लांब पट्टी ठेवून पेन्सिलने दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची अंतरं उतरवली आणि भद्रावतीला खुशाल सुताराकडे गेले.

खुशालभाऊ दरवाजे करतात, पलंग करतात. मी त्यांच्या दुकानातल्या बारा फळ्या ठोकून पाहिल्या. आंबा ठप्प. सावर पोकळ आणि भुसभुशीत. एका सागाच्या फळीला बोटाने ठोकलं तर आवाज आत गेला आणि थोडा वेळ आतच फिरत राहिला.

"ही."

"हे डेपोच्या लिलावातली होय," खुशालभाऊ म्हणाले. "देवघरासाठी ठेवली होती."

"आता गिटारीसाठी ठेवा."

महिनाभर मी रोज ड्यूटीवरून उतरून त्यांच्याकडे जायची. दांडी तिसऱ्यांदा जमली. पहिली वाकडी झाली, दुसरी मला पटली नाही. खुशालभाऊ म्हणायचे, "तुझ्यापेक्षा नवरदेवाकडचे बरे, एका पलंगात मानतात." शेवटी अंग कापलं तेव्हा समोरच्या बाजूला, डाव्या हाताला, एक ठसा आला. गोल, खोल, आत अक्षर. वनखात्याच्या डेपोच्या हातोड्याची निशाणी.

आमच्या जिल्ह्यात सागाच्या लाकडावर ती निशाणी असली तर ते लाकूड सरळ मार्गाने आलेलं. नसली तर चोरीचं. हे इथल्या शाळेतल्या पोरांना माहीत असतं. लोक दाराच्या चौकटीला रंग देतात आणि निशाणीभोवती जागा सोडतात, कुंकवाएवढी.

"ही राहू दे बाई," खुशालभाऊ म्हणाले.

"काऊन? माह्या गिटारीवर सरकारचा शिक्का कशाले पाह्यजे?"

"अवं, सागाचं हाय."

"दरवाजा नोहे ना हा. कोण पाहाते?"

"तू कोनाचं आयकत नाई."

"नाई."

त्यांनी रंधा मारला. तीन वेळा. निशाणी साफ गेली आणि अंग आरशासारखं झालं, आणि मी इतकी खूश झाले की घरी येताना ती वाकळीत न गुंडाळता उघडी आणली.

लिलावाची पावती खुशालभाऊंकडे होती. भद्रावतीला. पेटीत.

*रकाना ५. मालकाचे नाव*

इथे गुणवंतराव गाडीतून उतरले. इतका वेळ ते उतरले नव्हते. शर्ट खोचला, हसले, आणि बगलेतून एक फाइल काढली.

"साहेब, बाईले काई माहीत नसते. हा घ्या कार्यक्रमाचा परवाना. ठाण्याचा शिक्का हाय. मांगं वाद्यांची यादी हाय. सगळं वाद्य ऑर्केस्ट्राचं, जुनं, नोंदीचं."

वामनरावांनी यादी वाचली, बोट ठेवून. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ढोलकी एक, मालकी ढोलकीवाल्याची. ड्रमसेट एक, मालकी ऑर्केस्ट्राची. अकॉर्डियन एक. आणि त्याखाली: बेस गिटार, नग दोन, मालकी ऑर्केस्ट्राची.

नग दोन.

यादी आठ दिवसांपूर्वीची होती. माझ्या गिटारीला तारा चढून तेव्हा दोनच दिवस झाले होते.

"यादीत हाय की मंग," वामनराव म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. सुटीचा दिवस होता, जप्तीनामा म्हणजे तीन प्रती. "मंडळाचं जुनं वाद्य असन तं मले काई म्हणायचं नाई. जा." त्यांनी पुस्तक मिटलं. लालसू बांबू उचलायला गेला.

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया वर. म्हणजे: बस गाडीत.

मी हिशेब केला. फार वेळ लागला नाही. गाडीत बसले तर चार वाजता एटापल्लीच्या स्टेजवर मी असेन, माझी गिटार असेल, सगळं ठरल्यासारखं. आणि ठाण्याचा शिक्का असलेल्या कागदावर, वनपालाच्या साक्षीने, ती ऑर्केस्ट्राची झालेली असेल. आज मी, उद्या पत्रू.

"साहेब," मी म्हटलं, "यादी चुकीची हाय."

"काय?"

"लाल गिटार त्याहिची. ही माही. माह्या घरची. मी बनवली, खुशाल सुताराकडून."

"सत्यशीला," गुणवंतराव म्हणाले.

"भाऊ, दोन कधी झाल्या? मले तं विचारलं नाई तुमी."

"अवं, सुटून राह्यली ना गाडी! कागदावरची गोष्ट होय ती. घरी जाऊन पाहू."

"कागदावरचीच पाहू. इथीच."

वामनराव आता माझ्याकडे असं बघत होते जसं लोक स्वतःहून विहिरीत उतरणाऱ्याकडे बघतात. "बाई, समजून घ्या. यादीत असन तं मी सोडतो. तुमची म्हणता, तं निशाणी नाई, पावती नाई, खाजगी साग. मले जप्त करावं लागन."

"करा."

"करा?"

"पण मालकाच्या रकान्यात माहं नाव लिहा. पूर्ण. सत्यशीला गोविंदा खोब्रागडे, राहणार भद्रावती."

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. मी उभी राहून अक्षर न् अक्षर पाहिलं. खोब्रागडे लिहिताना त्यांनी एकदा विचारलं, मी सांगितलं.

*रकाना ६. वाहन*

नाही.

होतं, पण गेलं. गुणवंतराव म्हणाले, "मी आठ माणसांचा कार्यक्रम तुझ्या फळीसाठी नाई मोडत." दार लावलं. पत्रू जागा झाला होता, मागच्या काचेतून बघत होता, आणि त्याचा चेहरा खूश नव्हता. मला तेव्हा ते कळलं नाही.

*रकाना ७. जप्तीची निशाणी*

जप्त मालावर हातोडा मारावा लागतो. डेपोचा वेगळा, जप्तीचा वेगळा. लालसूने तो आणला. एका टोकाला कुऱ्हाडीसारखी धार, साल काढायला. दुसऱ्या टोकाला ठसा.

"मांगच्या बाजूले मारतो," वामनराव म्हणाले. त्यांना माझी दया येत होती. "दिसणार नाई."

मी नको म्हटलं. मागच्या बाजूला लाकूड मी आतून कोरून घेतलं होतं, वायरींसाठी. तिथे चार आण्याच्या नाण्याइतकी जाडी होती, हातोडा आरपार गेला असता. दांडीजवळ मारला तर जोड हलला असता. मी गिटार टेबलावर उताणी ठेवली, खाली वाकळ चौपदरी केली, चारही तारा सैल केल्या. मग समोर, घोडीच्या खाली, जिथे लाकूड सगळ्यात जाड आणि भरीव होतं, तिथे बोट ठेवलं.

"इथी. एकदाच. दोनदा नाई."

लालसूने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग तो बाहेर गेला. बाहेर जप्तीचे ओंडके पडले होते. त्यांतल्या एकावर त्याने हातोडा मारला, जोरात. मग हळू. मग त्याहून हळू. मग आत आला.

"झाडाले मारतो तसा मारला असता तं फुटली असती," तो म्हणाला. "पाहून आलो, किती पुरते."

त्याने एकदाच मारला. ठसा आला, गोल, स्वच्छ, तिरपा नाही, कडा उडाल्या नाहीत. मी अंग कानाला लावून चारही बाजूंनी बोटाने ठोकलं. आवाज आत जात होता आणि फिरत होता.

"चांगला मारला," मी म्हटलं.

"रोज मारतो ना."

*रकाना ८. पंच*

लालसू, वनरक्षक. दुसरा पंच बांबूच्या ट्रकचा क्लीनर, अंगठा.

*रकाना ९. मालाची विल्हेवाट*

वामनरावांनी पेन थांबवलं. "आता हे इथी ठेवून जा, पावती आणा, घेऊन जा."

"इथी कुठी?"

सगळ्यांनी खोली पाहिली. एक टेबल, एक खाट, एक कपाट. बाहेर ओंडके, त्यांवर वाळवी. शेजारी कोंबड्या.

"साहेब, हे ओलीत राह्यलं तं दांडी वाकते. उन्हात राह्यलं तं जोड सुटते. काई झालं तं सरकारी ताब्यात झालं असं होईन. मी कोर्टात नाई जाणार. पण तुमाले लिहावं तं लागन, कसं झालं."

ते विचारात पडले. लालसू हळूच म्हणाला, "मांगच्या वर्षी बैलगाडी पकडली होती, तवा गाडीवाल्यालेच देली होती सांभाळायले."

"सुपूर्दनामा," वामनराव म्हणाले.

"तोच."

जप्त माल हजर करण्याच्या अटीवर कोणाच्या तरी ताब्यात देता येतो. बहुतेक वेळा मालकाच्याच. आणि त्यासाठी तो मालक कोण हे कागदावर लिहिलेलं असावं लागतं. माझं होतं. मी सही केली: सदर माल, सागाची गिटार, नग एक, दिनांक १२ फेब्रुवारीस डेपोच्या पावतीसह रेंज ऑफिसात हजर करीन, तोवर विकणार नाही, मोडणार नाही, कोणास देणार नाही.

"कोणास देणार नाई," मी वामनरावांना पुन्हा वाचून दाखवलं. "हे चांगलं लिहिलं साहेब."

"छापीलच असते."

*रकाना १०. शेरा*

वनपालाने रिकामा सोडला. जागा बरीच आहे.

पुढचा प्रवास. एटापल्लीची एसटी साडेबाराला आली, दारापर्यंत भरलेली. कंडक्टरने वाकळ पाहिली.

"काय होय? लाकूडफाटा हाय का? टपावर टाका."

गिटार टपावर टाकायची नसते. खालीही आडवी टाकायची नसते, कोणीतरी पाय देतं. उभी ठेवायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये, डोकं वर, आणि प्रत्येक खड्ड्याला दांडी हाताने धरायची, लहान मुलाची मान धरतात तशी. कंडक्टरांशी यावर मी चार वर्षं भांडले होते. लाल गिटारीसाठी. त्या दिवशी भांडावं लागलं नाही. मी सुपूर्दनामा काढला.

"सरकारी जप्तीचा माल होय. माह्या ताब्यात हाय. टपावरून पडला तं बारा तारखेले रेंज ऑफिसात तुमचं नाव सांगीन. काय नाव तुमचं?"

त्याने कागद वाचला. शिक्का पाहिला. मग ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरच्या माणसाला म्हणाला, "सरका हो थोडे, सरकारचं सामान हाय."

मी बसून गेले. शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर हरभऱ्याची जुडी. तिने वाकळीला हात लावून पाहिला आणि सोललेले चार दाणे मला दिले. वाटेत मी तारा पुन्हा ताणल्या, गिटारीचं डोकं बसच्या पत्र्याला टेकवून, दांडी दातांना लावून आवाज ऐकत. बस चालू असताना सूर लावणं अवघड नाही. इंजिनचा एक सूर पक्का धरला की बाकीचे तीन त्याच्यावरून सापडतात.

एटापल्ली, साडेतीन.

शाळेच्या मैदानावर बाकं जोडून स्टेज केलेलं. पुढे पोरं, मग बाया, मागे सायकली धरून पुरुष. गुणवंतराव माइक तपासत होते. बेसच्या खुर्चीवर पत्रू, मांडीवर लाल गिटार. मी स्टेजवर चढले आणि वाकळ सोडली.

गुणवंतरावांनी ठसा पाहिला. "सोडली त्याहिनं?"

"नाई. जप्तच हाय. माह्या नावावर." मी सुपूर्दनामा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. कागदाच्या बाबतीत ते पक्के होते, म्हणूनच ऑर्केस्ट्रा चालत होता.

"यादीत मी दोन लिहिल्या. आता ठाण्यात दोन, आन् इथी वेगळंच."

"दोनाची एक करा. पेन हाय ना खिशाले."

"आन् मी म्हटलं का आज पत्रूच वाजवन, तं?"

"तं तो लाल वाजवन. मी इथी उभी राहीन, माही घेऊन. खुर्ची नको मले."

आमच्या अँप्लिफायरला बेससाठी एकच भोक होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. गुणवंतराव काही बोलणार तेवढ्यात पत्रूने लाल गिटारीची वायर स्वतःच उपटली.

"भाऊजी, मले नाई येत ते तिसरं गाणं," तो म्हणाला, हळू नाही, चांगलं मोठ्याने. "वरोऱ्याले पण नोहतं आलं. मी नुसतं खालच्या तारेवर ठेवून देतो बोट. बाई मांगं राह्यली तवापासून तेच गाणं घोकून राह्यलो. घ्या बाई, बसा."

ढोलकीवाला इतका हसला की ढोलकीवर कपाळ टेकलं.

गुणवंतरावांनी पेन काढलं. दोनाचा आकडा एक करणं कठीण असतं, तो खोडावा लागतो. त्यांनी खोडला, बाजूला एक लिहिला, खाली सही केली, आणि नवीन ओळ घातली: बेस गिटार, साग, नग एक. मालकीपाशी त्यांनी माझं नाव लिहिलं. खोब्रागडे बरोबर लिहिलं, न विचारता.

चार वाजता सुरू झालं. लाल गिटार मागे शाळेच्या भिंतीला टेकून होती, पत्रूने झांजा घेतल्या आणि त्या चांगल्या वाजवल्या. पहिल्या दोन गाण्यांत मी नीट वागले. सागाचं अंग जड, आवाज संथ निघायचा, पण निघाला की बसायचा नाही; बाकांच्या फळ्यांतून पायांना लागत होता.

तिसरं गाणं. त्याच्या दुसऱ्या अंतऱ्याआधी गुणवंतराव नेहमी बेस थांबवायचे, चार वर्षं थांबवत आले होते, कारण तिथे अकॉर्डियनचा मोठा तुकडा होता. त्यांच्या भुवया वर गेल्या. थांब.

मी पाहिलं आणि थांबले नाही. कपाटावर वाजवलेली तीच चाल धरली: वर चालत गेले, आणि उडी मारून खाली आले, अगदी खालच्या सुरावर, आणि तिथे तार वाजत सोडून दिली. पुढच्या रांगेतल्या पोरांनी एकदम स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. गुणवंतरावांची बोटं पट्ट्यांवर थबकली. ढोलकीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ठेका माझ्याबरोबर ठेवला. मी तो खालचा सूर आणखी एकदा दिला, इथे या म्हणून.

अर्धी मात्रा उशिरा अकॉर्डियन आलं. माझ्या मागून.